तिच्या आईनं काहीच सांगितलं नव्हतं

माझी बायको गेली तेव्हा आमची मुलगी चौथीत होती. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवस ती सरकारी दवाखान्यात होती आणि त्यातले शेवटचे नऊ दिवस तिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं, पण मधूनमधून शुद्ध यायची. मी आणि तिची धाकटी बहीण, आम्ही दोघं तिच्याजवळ बसायचो. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि एक पाय हलवायला लागली. मला काही कळेना. चादर काढून बघितली, परत घातली, पाय चेपले. ती नुसती मान हलवत राहिली. मग मेहुणी म्हणाली, "दाजी, जोडवं रुतलंय तिला." अंगावर सूज होती, जोडवं बोटात रुतून बसलं होतं. हात धुवायचा साबण लावून मी ते कसंबसं काढलं. तिनं डोळे मिटले. त्यानंतर तिनं आम्हाला काही मागितलं नाही.

मुलीला आम्ही दवाखान्यात नेलं नव्हतं. ती शेजाऱ्यांकडं होती. शेवटी आई बोलली की नाही बोलली, हे तिला ठाऊक नव्हतं.

अभ्यासाचं सगळं बायकोच बघायची. ती अजिंठ्याची, बारावी झालेली. तिनंच हट्ट करून पोरीला इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी सोयगाव तालुक्यातल्या खेड्यातून आयटीआय करून वाळूजच्या एका कंपनीत लागलेला फिटर. पोरगी कुठल्या तुकडीत आहे हेही मला नीट सांगता आलं नसतं. तेरावं होऊन तीन आठवडे झाले आणि शाळेतून निरोप आला, पालकांनी येऊन भेटावं.

व्हरांड्यात सात-आठ आया बसल्या होत्या. माझा नंबर आला तसं वर्गाच्या मॅडमनी माझ्या मागं बघितलं. "मिसेस नाही आल्या? आमचं बोलणं त्यांच्याशीच होतं नेहमी."

"ती गेली, मॅडम."

"कुठं गेल्या?"

शाळेला कळवायचं आमच्यात कुणाला सुचलंच नव्हतं. मग त्यांचं त्यांनाच कळलं. "ओह, सॉरी," असं म्हणून त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. महिनाभर गृहपाठ नाही, प्रश्न विचारला तर नुसती बघत बसते, असं सांगितलं. मग आवाज जराही न उतरवता, सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "मी वीस वर्षं शिकवतेय. आई गेलेली मुलं पहिल्या सहा महिन्यांत मागं पडली की वर येत नाहीत. त्यात मुलगी. घरकामालाच लागते. तुम्ही एकतर लग्न करा लवकर, नाहीतर तिला मराठी शाळेत घाला. झेपेल तिला."

मी 'हो मॅडम' म्हणालो. बाहेर पडताना एका बाईनं आपल्या पोराला माझ्या वाटेतून जवळ ओढून घेतलं.

पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आलो तर पोरगी कपाटासमोर बसून आईची एक साडी उलगडत होती आणि परत घडी घालत होती. दप्तर सकाळपासून तसंच.

"वही काढ," मी म्हणालो.

"नाय."

"काढ म्हणतो ना."

"मला आईच शिकवते," ती म्हणाली. अगदी साधेपणानं, जशी आई भाजी आणायला गेली आहे.

मी हात उगारला होता. तो हात तसाच हवेत असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आईनं जाताना मला एकच सांगितलंय. माझ्या पोरीचा अभ्यास सुटू देऊ नका. तिला डॉक्टर करा."

ती थांबली. "कधी म्हणाली?"

"शेवटच्या दिवशी."

"मलाच म्हणाली?"

"तुलाच. दुसऱ्या कुणाबद्दल एक शब्द बोलली नाही ती."

पोरीनं साडीची घडी पुरी केली, कपाटात ठेवली, दप्तर ओढलं आणि गणिताची वही काढली. मी हात खाली घेतला. इतकं पटकन काही लागू पडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर मी बदललो, हे खरं आहे. कंपनीत साहेबांच्या पाया पडून कायमची पहिली पाळी मागून घेतली. दुपारी चारला घरी यायचो. वेण्या घालायला शिकलो. पहिले दोन महिने ती वाकड्या वेण्या घेऊन शाळेत गेली आणि पोरं हसली, पण शिकलो. तिची पुस्तकं मी तिच्या आधी वाचायचो. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये पाचवीचं विज्ञान उघडून बसायचो. मित्र म्हणायचे, "काय रे, कितवीत आहेस?" मी हसून पान उलटायचो. इंग्रजी शब्द मोबाइलवर ऐकून ऐकून पाठ करायचो. नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. ड्रम भरता भरता मी तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचो. एका हातात पाइप, एका हातात पुस्तक. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाप असावा तर असा.

प्रत्येक पालक सभेला मी पहिल्या बाकावर. शाळेच्या मोबाइल ग्रुपमध्ये सगळ्या आयाच होत्या. मला घ्यायला त्यांनी सहा महिने लावले. घेतल्यावर माझ्याइतके प्रश्न कुणी विचारले नाहीत.

आणि जेव्हा जेव्हा ती कंटाळायची, रडायची, तेव्हा मी ते वाक्य काढायचो. हळूहळू त्या वाक्याला फांद्या फुटल्या. आई म्हणाली होती, अक्षर वळणदार ठेव. आई म्हणाली होती, टीव्ही बघू नको. आई म्हणाली होती, वर्गात पहिल्या तिघांत ये. मला विचार करावा लागायचा नाही. भाजी चिरता चिरता मी मेलेल्या बाईच्या तोंडी वाक्यं घालत होतो आणि त्यातली बहुतेक अशी होती, की ती जिवंत असती तर कधी बोललीच नसती. तिला स्वतःला टीव्ही फार आवडायचा.

तिचा फोटो मी भिंतीवरून काढून अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. पेपर मिळाला की आधी फोटोला दाखवायचा, असा नियम केला. चांगले गुण असले की मजा यायची, दोघांनाही. सहावीत गणिताला पंचवीसपैकी अकरा पडले. तिनं पेपर दप्तरात लपवला होता. मला ग्रुपवरून कळलं.

"जा, आईला सांग," मी म्हणालो.

ती टेबलाजवळ गेली आणि परत आली. हळूच म्हणाली, "पप्पा, आज आईला नका ना सांगू. पुढच्या वेळी चांगले पडतील. तेव्हा दोन्ही सांगू."

अकरा वर्षांच्या पोरीनं माझ्याकडं एवढंच मागितलं होतं. मी म्हणालो, "तिला दिसतं सगळं. तिला वाटत असेल, हिच्यासाठी मी उगाच जीव टाकला." मग तिला फोटोसमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, 'आई, अकरा.' आवाज नीट येईना म्हणून परत म्हणायला लावलं. चौथ्या वेळी आवाज स्वच्छ आला. मी समाधानानं कुकर लावला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं आणि झोपलो. झोप लागली मला, हे मुद्दाम सांगतो.

पुढच्या परीक्षेत तिला गणितात तेवीस पडले. माझी पद्धत बरोबर आहे, याची मला खात्री पटली.

सातवीच्या स्नेहसंमेलनात शाळेनं मला स्टेजवर बोलावलं. एकट्यानं मुलीला वाढवणारे वडील म्हणून शाल दिली. त्याच मॅडम, ज्यांनी मराठी शाळेत घाला म्हटलं होतं, त्यांनी माइकवर माझं कौतुक केलं आणि म्हणाल्या, दोन शब्द बोला. मी काय बोलणार? मी ती गोष्ट सांगितली. दवाखाना, शेवटचा दिवस, माझा हात हातात धरून बायको म्हणाली, 'पोरीला डॉक्टर करा.' हात धरल्याचं तेव्हा पहिल्यांदाच आलं. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी नाटक करत नव्हतो. मला खरंच तिचा हात जाणवला होता. पोरगी तिसऱ्या ओळीत बसलेली दिसत होती. सगळे मागं वळून तिच्याकडं बघत होते आणि ती आपल्या बुटांकडं.

त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या एकट्याचं राहिलं नाही. वर्गात उत्तर चुकलं की शिक्षक विचारायचे, "आईनं काय सांगितलं होतं गं?" मुलं तिला 'डॉक्टर' म्हणायला लागली. "ए डॉक्टर, सुई दे ना." हे तिनं मला घरी कधी सांगितलं नाही. फार पुढं, एका मुलीच्या आईनं हसत हसत सांगितलं.

ती खो-खो चांगली खेळायची. मला एवढंच माहीत होतं, की तिचे गुडघे फुटलेले असतात. त्याच वर्षी खेळाचे सर घरी आले. साधा माणूस, चहासुद्धा बशीत ओतून प्यायला. म्हणाले, "जिल्ह्याच्या संघात निवड झालीय. बीडला आठ दिवस जायचंय. असं पळणारी पोरगी मी बऱ्याच वर्षांत बघितली नाही, साहेब."

ती दारात उभी होती. चेहरा असा फुललेला होता, की मला आधी ओळखू आली नाही.

मी सरांशी बोललोच नाही. तिच्याकडं बघून विचारलं, "आईनं काय करायला सांगितलंय?"

ती सरांच्या बशीकडं बघायला लागली.

"सरांना सांग."

"डॉक्टर," ती म्हणाली.

"मग बीडला जायचंय का?"

"नाय."

सर उठले. दारात चपला घालताना मला म्हणाले, "लई शिस्त आहे तुमच्या घरात." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं नव्हतं, पण मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग लॉकडाऊन आला. कंपनी बंद, शाळा मोबाइलवर. मोबाइल माझा, म्हणून मी तिच्या शेजारी बसून सगळे तास ऐकायचो. उत्तर तिला येत नसलं की मी कॅमेऱ्याच्या बाहेरून पुटपुटायचो. एकदा टीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पप्पा, तुम्ही जरा बाजूला बसा, मुलीला बोलू द्या." चाळीस चौकोनांतली पोरं हसली. तास संपल्यावर तिनं मला विचारलं, "तुम्ही दुसरीकडं कुठं जात का नाही?" मी त्या वाक्याबद्दल दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. दोन खोल्यांत, लॉकडाऊनमध्ये, चौदा वर्षांच्या पोरीशी. तिसऱ्या दिवशी तिनं माफी मागितली.

दहावीला तिला नव्वदच्या वर टक्के पडले. पेढे घेऊन मी शाळेत गेलो, तिच्या चौथीच्या त्या मॅडमच्या हातात दिले. अकरावी सायन्स, आणि क्रांती चौकाजवळ मेडिकलच्या नीट परीक्षेचा क्लास. तिथं मुलांचे टेस्टच्या गुणांवरून गट पाडायचे आणि याद्या दारावर लावायचे. मी कामावरून येताना गाडी थांबवून याद्या वाचून यायचो. आत तास चालू असायचा. ती मला खिडकीतून बघायची आणि मान फिरवायची.

अकरावीच्या दिवाळीत ती चार दिवस आजोळी गेली, अजिंठ्याला. मी पुस्तकं बरोबर दिली होती. तिची मावशी, म्हणजे दवाखान्यात माझ्याबरोबर बसलेली मेहुणी, तिकडंच असते. नवरा शेती करतो, ही शिलाई करते. तिथं काय झालं ते मला त्या वेळी कळलं नाही. नंतर मेहुणीनं सांगितलं ते असं. दोघी अंगणात फराळाचे डबे भरत होत्या. पोरीनं विचारलं, "मावशी, आई शेवटी बोलली तेव्हा तू होतीस ना? तिचा आवाज कसा होता?"

"कवा बोलली?" मावशी म्हणाली. "नळी होती गं तिच्या घशात. नऊ दिवस एक शब्द नाय निघाला माझ्या बहिणीच्या तोंडातून."

"पप्पांशी पण नाय?"

"कुणाशीच नाय. कामून विचारतीस?"

"असंच," म्हणून ती डबे भरत राहिली.

घरी परत आली ती बदलून आली. मला वाटलं, शहाणी झाली. न सांगता अभ्यासाला बसायची. जेवताना माझ्याशी बोलायची, जे ती कित्येक वर्षांत करत नव्हती. आणि बोलायची ते आईबद्दल. "पप्पा, आई शेवटी बोलली तेव्हा तिनं पाणी मागितलं होतं का?" मी म्हणायचो, हो, दोन घोट दिले मी. दुसऱ्या दिवशी, "माझं नाव घेतलं का?" घेतलं, दोनदा. "माझ्या केसांबद्दल काही म्हणाली?" म्हणाली ना, केस कापू नका. "हसली का?" जराशी. "तुम्ही रडलात?" मी तिच्यासमोर रडलो नाही, बाहेर येऊन रडलो. रोज एक प्रश्न. पाच-सहा आठवडे. मी आनंदानं उत्तरं द्यायचो. मला वाटायचं, पोरगी आता आईच्या आणि माझ्या जवळ येऊ लागली. ती पोळी तोडत ऐकायची, मान डोलवायची. एकदाही तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. हे ती कुठं शिकली, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. माझ्याकडूनच शिकली असणार.

जानेवारीत क्लासमधून फोन आला, येऊन भेटा. केबिनमध्ये बायोलॉजीचे सर होते. त्यांनी तीन टेस्टचे पेपर माझ्यापुढं ठेवले. तिन्ही कोरे. वर नाव, रोल नंबर, आणि पहिल्या ओळीत तिच्या त्या वळणदार अक्षरात एकच वाक्य, मराठीत: 'घशात नळी असल्यामुळे उत्तर देता येत नाही.'

"काही मेडिकल प्रॉब्लेम आहे का?" सरांनी विचारलं. "ऑपरेशन वगैरे? तुम्ही आम्हाला कळवलं नाही."

मी काहीतरी बोललो, घरी ताण आहे, असं काहीतरी. सर म्हणाले, "बघा, आम्ही कोऱ्या पेपरच्या मुलांना बॅचमध्ये ठेवत नाही. बाकीच्यांवर परिणाम होतो."

तिला गाडीवर मागं बसवलं आणि निघालो. दुपारची वेळ, क्रांती चौकात सिग्नल लागलेला, चारी बाजूंनी हॉर्न. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "कुणी सांगितलं तुला?"

ती हसली. माझ्या मानेला तिचा श्वास लागला. "हेच विचारणार, मला माहीत होतं."

"मावशीनं ना? तिला काय कळतंय? ती थोडाच वेळ असायची तिथं."

"पप्पा, आईला नळी होती का नव्हती?"

सिग्नल सुटला होता. मागचा रिक्षावाला ओरडला, "चलो चाचा, सो गये क्या?" मी गाडी पुढं घेतली आणि एका बंद दुकानासमोर थांबवली. उतरलो नाही. तीही उतरली नाही. आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलो होतो.

"होती," मी म्हणालो.

"पाणी?"

"नाही."

"नाव?"

"नाही."

"केस?"

"नाही."

अशी ती विचारत गेली. सगळे प्रश्न, ज्या क्रमानं विचारले होते त्याच क्रमानं. एकही विसरली नव्हती. मी मात्र माझी कितीतरी उत्तरं विसरलो होतो. शेवटी म्हणाली, "मग खरं काय झालं?"

मी जोडव्याचं सांगितलं. सूज, साबण, सगळं.

"एवढंच?"

"एवढंच."

मग म्हणाली, "तिला दुखत होतं आणि तुम्ही ते काढलं. हे कामून नाय सांगितलं मला कधी? मी सात वर्षं त्या फोटोला घाबरते, पप्पा. तो टेबलावर ठेवल्यापासून मला आईचा खरा चेहराच आठवत नाय."

"तुझ्या भल्यासाठीच केलं मी," मी म्हणालो.

"तुमच्यामुळं माझी आई मेल्यावर पण मला रागवत राहिली."

मी तेव्हाही माफी मागितली नाही. घरी जाऊन पहिलं काम केलं ते मेहुणीला फोन लावण्याचं. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, तुला आमचं बघवत नाही, तुझी पोरं शिकली नाहीत म्हणून जळतेस. ती मध्ये एकदा म्हणाली, "दाजी, मला काय ठाऊक तुम्ही तिला काय सांगून ठेवलंय?" मी ऐकलं नाही. पोरगी आतल्या खोलीत होती. तिला सगळं ऐकू जात होतं, आणि ते मला माहीत होतं.

क्लास सुटला. बारावी तिनं दिली, जेमतेम पास झाली. त्या दीड वर्षात आम्ही एका घरात राहिलो. ती स्वयंपाक करायची, मी भांडी घासायचो, आणि बोलायचं ते पाणी आलं का, गॅस संपला का, एवढंच. फोटो मी टेबलावरून उचलून परत भिंतीवर लावला, तर तिनं तो काढून कपाटात ठेवला. एकदा मी म्हणालो, "मी चुकलो." ती कपड्यांना इस्त्री करत होती. "हो," म्हणाली आणि बाही उलटी करून घेतली.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत ती अजिंठ्याला मावशीकडं राहायला गेली. बॅग मी स्टँडपर्यंत नेली. तिथून जवळच्या एका गावातल्या कॉलेजात तिनं बी.ए.ला नाव घातलं, हे मला सासूबाईंकडून कळलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आता तिच्या मागं नका लागू." मी हो म्हणालो.

पण गेल्या वर्षी त्या कॉलेजात पालक सभा असल्याचं कुणाकडून तरी कळलं आणि मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत मी एकही सभा चुकवलेली नव्हती. रजा टाकली, सकाळी गाडी काढली, इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलेजच्या दारात एक क्लार्क वही घेऊन बसला होता. मी मुलीचं नाव सांगितलं. त्यानं पान शोधलं, बोट ठेवलं.

"पालक म्हणून मावशीचं नाव आहे हिच्या फॉर्मवर. वडिलांच्या रकान्यात मोबाइल नंबर पण नाही. तुम्ही कोण?"

मागं रांग होती. डोक्याला फेटा बांधलेला एक म्हातारा माझ्या पाठीला लागून उभा होता.

"ओळखीचा आहे," मी म्हणालो.

"मग आत नाही सोडता येणार, काका. फक्त पालक."

मी बाजूला झालो. कडुलिंबाखाली गाडी लावली होती तिथं जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ती आलीच. कुणीतरी सांगितलं असणार. अंगानं भरली होती, केस खांद्यापर्यंत कापलेले. बरोबर मेहुणी होती. ती लांबच थांबली.

"जेवलात?" मुलीनं विचारलं.

"येताना खाल्लं."

"सभा सुरू होतेय. मावशीला आत जायचंय."

"मी फक्त तुझ्या सरांना भेटून जातो. दोन मिनिटं. कसं चाललंय तेवढं विचारतो."

"नको." आवाज वर नव्हता, राग नव्हता. ती सहावीत असताना मी तिच्याशी बोलायचो तसाच थंड, नीट आवाज. "माझं कसं चाललंय ते तुम्हाला कळलं, की तुम्ही त्याचं काहीतरी करता. इथं नका येऊ परत, पप्पा. फोन करत जा. पहिल्या रविवारी करा, मी उचलेन. अभ्यासाचं विचारू नका."

"आणि आजारी पडलीस, काही लागलं..."

"मावशी आहे."

मेहुणीनं लांबून मला हात जोडले, रागानं नाही, निरोपाचे. दोघी आत गेल्या. दाराशी क्लार्कनं वही पुढं केली आणि मेहुणीनं सही केली. तिला सही करायला वेळ लागतो. मुलगी शेजारी उभी राहून बोटानं रकाना दाखवत होती आणि दोघी कशाला तरी हसल्या.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन करतो. ती उचलते. मी विचारतो, तिकडं ऊन कसं आहे. ती विचारते, नळाला पाणी आलं का. चार-पाच मिनिटं होतात. गेल्या खेपेला मागून कुणीतरी तिला हाक मारली, बहुतेक कॉलेजातली मैत्रीण, आणि ती म्हणाली, "थांब, आले, पेपर कितीला आहे?" मग एकदम गप्प झाली. कसला पेपर, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. थोडा वेळ दोघंही फोन धरून होतो आणि मग ती म्हणाली, ठेवते.